काट्यावर पास, एक्सलवर नापास

पोकलेन हलवायचं ठरलं की मालक, ऑपरेटर आणि ट्रेलरवाला या तिघांचं बोलणं एकाच आकड्याभोवती फिरतं. मशीन २१ टनांचं, लो-बेड (बुटका ट्रेलर) ८ टनांचा, घोडा (ट्रेलर ओढणारं पुढचं वाहन) साडेसहाचा, मिळून ३५.५. आरसीवर ३९.५ टन. म्हणजे चार टन शिल्लक, काढा गाडी. गोव्यात डिचोलीहून सांग्याला जायचं असो, सावर्ड्याहून वेर्ण्याला किंवा मोलेहून अनमोड घाट चढून वर, हिशेब तिथेच संपतो. खरं तर तो तिथे सुरू व्हायला हवा. चार टन शिल्लक असतानाही मशीन मीटरभर पुढे उभं राहिलं तर घोड्याचा मागचा एक्सल ओव्हरलोड होतो, आणि मीटरभर मागे गेलं तर ट्रेलरचा.

आधी कायद्याचे आकडे. केंद्राने जुलै २०१८ मध्ये एक्सलच्या मर्यादा वाढवल्या. आता दोन एक्सलचा घोडा आणि दोन एक्सलचा ट्रेलर या जोडीला पुढच्या एक्सलवर ७ टन, घोड्याच्या मागच्या चार टायरांच्या एक्सलवर ११.५ आणि ट्रेलरच्या जोडएक्सलवर (एकामागे एक असलेल्या दोन एक्सलवर) २१ अशी मुभा आहे. ३९.५ येतात ते या तीन आकड्यांच्या बेरजेतून. पूर्वी तेच ६, १०.२ आणि १९ होते, बेरीज ३५.२. तुमच्या गाडीच्या आरसीवर अजून जुना आकडा असेल तर तुमच्यासाठी तोच खरा, आणि वरचं ३५.५ टनांचं वजन तिथेच ३०० किलोने जास्त झालं. ट्रेलरची आरसी वेगळी असते, तीही काढून बघा. घोड्याची ओढायची क्षमता, ट्रेलरचं एकूण वजन, प्रत्येक एक्सल, टायर आणि फिफ्थ व्हील (घोड्यावरची, ट्रेलर टेकतो ती प्लेट) यांत जो आकडा सगळ्यांत आधी भरतो तीच तुमची मर्यादा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ मध्ये एकूण वजनाची मर्यादा येते, आणि कलम ५८ प्रमाणे प्रत्येक एक्सलवरचं वजन आरसीवर नोंदवलेलं असतं. कलम १९४ खाली दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. वजन करायला नकार दिला तर ४०,०००. बाकी मशीनमधला जादा टन रस्त्यात उतरवणार कसा, हा प्रश्न दंडापेक्षा मोठा आहे. खडी उतरवता येते, पोकलेनचं अर्धं अंग उतरवता येत नाही.

आता गणित. एक साधा सेमी लो-बेड घेऊ. किंगपिनपासून (फिफ्थ व्हीलमध्ये अडकणाऱ्या ट्रेलरच्या पिनपासून) ट्रेलरच्या दोन एक्सलच्या मध्यापर्यंत ९ मीटर. रिकाम्या ट्रेलरच्या ८ टनांपैकी २.५ किंगपिनवर, ५.५ मागच्या चाकांवर. घोडा रिकामा ६.५ टन, पुढे ४.३, मागे २.२. घोड्याचा व्हीलबेस ३.५ मीटर आणि फिफ्थ व्हील मागच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे. म्हणजे किंगपिनवर जे वजन येईल त्याचा सातवा भाग पुढच्या एक्सलवर जातो, उरलेले सहा भाग मागच्या. तुमच्या गाडीची मापं वेगळी असतील, टेप लावून घ्या. पद्धत हीच.

२१ टनांच्या मशीनचा गुरुत्वमध्य किंगपिनपासून ६ मीटरवर आला तर मागच्या जोडीवर १४ टन आणि किंगपिनवर ७ टन वाढतात. ट्रेलरची जोडी १९.५, घोड्याचा मागचा एक्सल १०.३, पुढचा ५.७. सगळं मर्यादेत. आता मशीन एक मीटर पुढे घ्या, ५ मीटरवर. घोड्याचा मागचा एक्सल १२.३ टनांवर जातो, म्हणजे ८०० किलोहून जास्त ओव्हरलोड. उलट ७ मीटरवर नेलं तर ट्रेलरची जोडी २१.८, तीही ८०० किलोने जास्त. तिन्ही वेळा वजनकाटा एकच आकडा सांगतो, ३५.५. चालेल अशी जागा साधारण ५.४ ते ६.६ मीटरच्या मधली, जेमतेम सव्वा मीटर. बारा मीटरांच्या ट्रेलरवर सव्वा मीटर!

त्यात ब्रेकर. पोकलेनला बकेट लावलेली असते, आणि सुटा रॉक ब्रेकर कुठेतरी टाकायचा म्हणून तो गूजनेकवर (ट्रेलरच्या पुढच्या उंच मानेवर) चढवतात, कारण जागा तिथेच मोकळी दिसते. ब्रेकर दीड टनाचा धरा आणि तो किंगपिनच्या अर्धा मीटर मागे ठेवला असं समजा. घोड्याच्या मागच्या एक्सलवर १.२ टन वाढले. सहा मीटरवर नीट उभ्या केलेल्या मशीनचं १०.३ आता ११.५ च्या वर गेलं, साधारण ६० किलोने. एकूण वजन अजून ३७ टनच, म्हणजे अडीच टन शिल्लक. ब्रेकर मशीनच्या मागे, ट्रेलरच्या चाकांजवळ ठेवा किंवा दुसऱ्या गाडीने पाठवा.

गुरुत्वमध्य नेमका कुठे असतो हे मशीनच्या मॅन्युअलमध्ये मिळतं, पण मॅन्युअल जागेवर असलेलं मशीन आपल्याकडे दुर्मीळच. शिवाय २० टनांच्या गटातल्या पोकलेनचं काऊंटरवेटच चार टनांच्या आसपास असतं, त्यामुळे वरचा भाग फिरवून बूम पुढे ठेवला की मागे, यावर गुरुत्वमध्य सरकतो. बूमची दिशा चढवण्याआधी ठरवा आणि दर वेळी तीच ठेवा. मग काट्यावरून उलटा हिशेब करता येतो.

तो असा. काट्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता काट्याशी सपाट असला पाहिजे, नाहीतर पुढचा भाग चढावर आणि मागचा उतारावर राहून आकडे खोटे येतात. आधी फक्त घोड्याची पुढची चाकं काट्यावर घ्या, आकडा लिहा. मग घोड्याचे दोन्ही एक्सल. मग पूर्ण गाडी. दुसऱ्यातून पहिला वजा केला की घोड्याचा मागचा एक्सल, तिसऱ्यातून दुसरा वजा केला की ट्रेलरची जोडी. पूर्ण गाडी काट्यावर मावत नसेल तर घोडा काट्यावरून पुढे काढून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवा. प्रत्येक वेळी गाडी हळू थांबवा, न्यूट्रल करा आणि ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असला तर सस्पेन्शन ताणलेलं राहतं आणि वजन एका एक्सलकडून दुसऱ्याकडे ढकललेलं दिसतं. काटेवाल्याला तीन वेळा वजन करायचं सांगितलं की तो कपाळाला आठ्या घालतो. घालू दे.

हातात तीन आकडे आले की दुरुस्ती सोपी आहे. वरच्या मापांच्या ट्रेलरवर मशीन १० सेंटीमीटर सरकलं की ट्रेलरच्या जोडीवरचे सुमारे २३० किलो किंगपिनकडे किंवा उलट जातात, आणि त्यातले २०० घोड्याच्या मागच्या एक्सलवर. एक्सल ४०० किलोने जास्त भरला तर मशीन २० सेंटीमीटर मागे घ्या. पुन्हा काटा करा. आकडे बसले की ट्रॅकचं पुढचं टोक जिथे येतं तिथे ट्रेलरच्या फळीवर ऑइलपेंटने रेघ मारा आणि शेजारी मशीनचं मॉडेल लिहा. पुढच्या वेळी ऑपरेटरला तेवढंच सांगायचं, रेघेवर आण. काठावर मात्र बसवू नका. टाकीत ३५० लिटर डिझेल म्हणजे २९० किलो. साखळ्या, फळ्या, जॅक, स्टेपनी, क्लीनर, सगळं वजनातच येतं. पावसाळ्यात खाणपट्ट्यातून मशीन निघतं तेव्हा ट्रॅकमध्ये आणि रोलरभोवती लाल चिखल गच्च भरलेला असतो. तो काढल्याशिवाय चढवू नका. वजन तर आहेच, पण फळीवर तोच वंगणासारखा वागतो.

जोडणी

यात वेळ वाचवायचा मोह होतो, आणि ट्रेलर सुटण्याचे अपघात इथूनच निघतात. फिफ्थ व्हीलची प्लेट मागे झुकलेली, ग्रीस ताजं, जबडे उघडे असले पाहिजेत. घोडा सरळ रेषेत मागे घ्या. ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलच्या किंचित खाली असावी, म्हणजे घोडा तिच्याखाली शिरताना ट्रेलर दोनेक सेंटीमीटर उचलला जातो. ट्रेलर जास्त उंच राहिला तर किंगपिन जबड्यात अर्धवट बसते. हँडल आत गेलेलं दिसतं, 'खट्' असा आवाजही येतो, आणि जबडे पिनच्या मानेऐवजी खालच्या कडेला धरून असतात. म्हणून टॉर्च घेऊन खाली वाकून बघायचं. दोन प्लेटांमध्ये फट नको, जबडे मानेभोवती पूर्ण मिटलेले हवेत. मग ट्रेलरचे ब्रेक लागलेले ठेवून पहिल्या गिअरमध्ये घोडा हलकेच पुढे ओढून बघा, दोनदा. त्यानंतर लॉकची सेफ्टी क्लिप, हवेचे पाइप, लाइटचा प्लग. लँडिंग लेग (सुट्या ट्रेलरचे आधाराचे पाय) पूर्ण वर, हँडल खोबणीत. जुन्या लो-बेडला स्प्रिंग ब्रेक (हवा नसली की आपोआप लागणारा) नसेल तर पाइप जोडण्याआधी तो कशानेच थांबलेला नसतो, त्यामुळे जोडणीआधी चाकांना लाकडी गुटके हवेतच.

किंगपिन वर्षातून एकदा तरी कॅलिपरने मोजा. दोन इंची पिनचा व्यास नवीन असताना ५०.८ मिलिमीटर असतो. ४९ वर आला की पिन बदलायची, वेल्डिंगचा थर देऊन जाडी वाढवायची नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या पोलादाचा कस जातो आणि तडा आतून सुरू होतो. बाहेरून काही दिसत नाही.

चढवताना आणि बांधताना

मागच्या रॅम्पवरून मशीन चढतं तेव्हा थोडा वेळ त्याचं सगळं वजन ट्रेलरच्या चाकांच्या मागे असतं. आपल्या ट्रेलरवर गुरुत्वमध्य जोडएक्सलच्या मध्यापासून सुमारे मीटरभर मागे असला की किंगपिनवरचं वजन शून्य होतं. त्याहून मागे असेल तर ट्रेलर घोड्याला वर उचलू लागतो. घोड्याचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, आणि नेमकी तीच हलकी झालेली असतात. म्हणून शेपटीखाली जाड लाकडी ओंडके किंवा जॅक, चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, जमीन टणक आणि सपाट. जांभ्याच्या भरावाची कड दिसायला टणक असते, पण पावसात २१ टनांखाली बसते. ऑपरेटर केबिनमध्ये असताना रॅम्पच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. खुणा करणारा समोर, लांब, आणि एकच.

फळीवर आल्यावर लोखंडी ट्रॅक लोखंडी पत्र्यावर उभा करू नका. लोखंडावर लोखंड, त्यात पाणी आणि चिखल, म्हणजे घर्षण नावालाच. कोरड्या लाकडी फळ्या घाला, जाड रबरी मॅट मिळाली तर आणखी बरं. बूम खाली, बकेट फळीवर टेकलेली, स्विंग लॉक (वरचा भाग फिरू न देणारा) लावलेला, इंजिन बंद, हायड्रॉलिकचा दाब सोडलेला.

साखळ्यांचं गणित फारसं कोणी करत नाही. युरोपीय मानकाप्रमाणे बांधणी अशी हवी की जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेला आणि ०.५ पट बाजूंना व मागे सहन व्हावा. २१ टनांच्या ०.८ पट म्हणजे १६.८ टन. ग्रेड ८० च्या १० मिलिमीटर साखळीची बांधणीची क्षमता ६.३ टन. मशीनला पुढे जाण्यापासून रोखणाऱ्या दोनच साखळ्या असतात, आणि ४५ अंशात ओढलेल्या साखळीचा सरळ जोर सात दशांशच उरतो. म्हणजे सुमारे ८.८ टन. लाकडावरच्या घर्षणाचे सहा टन धरले तरी बेरीज पंधराच्या आसपास. कमी पडते. १३ मिलिमीटरच्या साखळ्या, प्रत्येकी १० टनांच्या, घेतल्या की वीस होतात. नाहीतर १० मिलिमीटरच्याच आणखी दोन जोडा. दोरखंड, पट्टे, जुन्या क्रेनची वायर यांनी पोकलेन बांधलेलं दिसतं. ते बांधलेलं नसतं, झाकलेलं असतं. साखळी मशीनच्या बांधणीच्या हुकाला किंवा ट्रॅकच्या फ्रेमला लावा, रोलरला किंवा पायरीला नको. बकेटला वेगळी साखळी. लोड बाइंडरचं (साखळी कसायच्या साधनाचं) हँडल तारेने बांधून ठेवा.

मोटारीची रुंदी २.६ मीटरपर्यंतच चालते, आणि २० टनांच्या पोकलेनचे ट्रॅक बाहेरून बाहेर २.८ ते ३ मीटर भरतात. म्हणजे ओडीसीची (ठरलेल्या मापाबाहेरच्या मालाची) परवानगी लागणार. उंची केबिनवर टेप लावून मोजा, बूमचा सगळ्यांत वरचा सांधाही बघा, आणि मग वाटेतले रेल्वेचे पूल व गावातल्या खाली आलेल्या वीजवाहिन्या आठवा.

घाट

वजन कुठे बसलंय हे घाटात कळतं. अनमोडच्या वाटेवर पावसात, शेवाळ धरलेल्या वळणावर, दर दहा मीटरला एक मीटर चढ धरा. ३५.५ टनांना वर ओढायला ३.५५ टन जोर आणि चाकांच्या फिरण्यासाठी आणखी तीनशे किलो, मिळून ३.८५ टन लागतात. ओल्या रस्त्यावर टायरला वजनाच्या ०.४ पट पकड मिळते असं समजा. मशीन सहा मीटरवर असेल तर घोड्याच्या मागच्या एक्सलवर १०.३ टन, पकड ४.१. जेमतेम चढेल. सात मीटरवर असेल तर एक्सलवर ८.३ टन, पकड ३.३. चाकं जागच्या जागी गरगरतात आणि गाडी मागे सरकू लागते. घोड्याचा एक्सल वाचवायला मशीन मागे ढकलणाऱ्यांची हीच गत होते. चढावर सुरुवातीलाच खालचा गिअर घ्या, डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर चाकं गरगरण्याआधी लावा. ती गरगरत असताना लावलात तर दात तुटतात.

उतारावर तेच उलट्या रूपात. एक्झॉस्ट ब्रेकचा (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणाऱ्या ब्रेकचा) जोर फक्त घोड्याच्या मागच्या चाकांवर जातो. ती चाकं हलकी असतील आणि रस्ता ओला असेल तर एक्झॉस्ट ब्रेकनेच ती अडकतात, घोडा आडवा वळतो आणि ट्रेलर त्याला मागून दाबतो. ट्रेलरची चाकं अडकली तर शेपूट बाहेर जाते, ती ब्रेक सोडून सावरता येते. घोडा आडवा झाला की सावरायला काही उरत नाही. म्हणून करमल घाटासारख्या वळणावळणाच्या उतारावर वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही.

३५.५ टनांची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा सुमारे ४८ युनिट ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. दोन किलोवॅटचा गीझर चोवीस तास चालेल एवढी. ती इंजिनात जिरवायची की ब्रेकच्या ड्रममध्ये, हे उतार सुरू होण्याआधी, वरच्या सपाटीवरच ठरतं. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरा. आरपीएम लाल पट्ट्याजवळ आलं की फूट ब्रेक एकदा ठाम दाबून वेग आठ-दहा किलोमीटरने कमी करा आणि पाय पूर्ण काढा. हलका पाय ठेवून उतरलं की लायनर सतत घासत राहतो, ड्रम तापून फुगतो, पुशरॉडला (ब्रेक लावणाऱ्या हवेच्या चेंबरच्या दांड्याला) जास्त लांब जावं लागतं, आणि एका क्षणी पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. ट्रेलरचा हँड व्हॉल्व्ह ओढून सगळा घाट उतरणारे म्हणतात की त्याने घोड्याचे लायनर वाचतात. वाचतात खरे, पण ट्रेलरचे ड्रम एकटेच भाजून निघतात, आणि खाली पोचल्यावर ज्या ब्रेकची गरज असते तेच गेलेले असतात.

पुशरॉडचा प्रवास मोजायला दहा मिनिटं पुरतात. हवा भरलेली असताना ब्रेक सोडून खूण करा, पेडल पूर्ण दाबायला लावा, किती सरकला ते मोजा. ३० नंबरच्या चेंबरला मर्यादा ५१ मिलिमीटर. दोन बाजूंत फरक जास्त असेल तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. ऑटो स्लॅक (लायनरची झीज आपोआप भरून काढणारा भाग) असलेल्या गाड्यांतही मोजा, कारण तो अडकला की स्वतःहून सांगत नाही.

टायरबद्दल थोडंच. रॉड मारून ऐकलं की टायर पूर्ण बसलाय की नाही एवढंच कळतं, जोडीतला आतला टायर वीस पौंडांनी कमी आहे हे कळत नाही. गेज लावा, टायर थंड असताना. जोडीतल्या दोन टायरांचा व्यास सारखा हवा, नाहीतर मोठा टायर जास्त वजन घेतो आणि तापतो.

निघाल्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर थांबा. फळ्या दबतात, ट्रॅक बसतो आणि साखळ्या सैल पडतात. प्रत्येक बाइंडर पुन्हा कसा. सगळ्या हबांजवळ हात न टेकवता उष्णता घ्या, इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आकडा लिहा. एकाच एक्सलच्या डाव्या आणि उजव्या हबात ठळक फरक असेल तर एकीकडचा ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय. अनमोडला जाणाऱ्यांनी हे मोलेच्या सपाट भागातच करावं. पुढे घाटात ट्रेलर बाजूला घ्यायला जागा मिळत नाही. जड वाहनांना बंदी असल्याची पाटी लागली आहे का, तेही तिथेच विचारून घ्या. पावसाळ्यात ती अचानक लागते, आणि घाटाच्या तोंडाशी ट्रेलर वळवायला घोडा सोडून पुन्हा जोडावा लागतो.